स्वतःविरुद्ध पडलेलं मत

१

प्रयोगशाळेला साखळीतून काढून टाकण्याचा ठराव शुक्रवारी सकाळी मंजूर झाला. बाजूने चार मतं पडली. त्यातलं एक मत प्रयोगशाळेचंच होतं.

"मला वेड लागलंय का?" प्रयोगशाळेची संचालिका म्हणाली. "मी स्वतःच स्वतःला हाकलून देईन?"

साखळीतले तंटे सोडवायला नेमलेल्या लवादबाई समोर बसून लिहून घेत होत्या. त्या आधी कामगारांच्या तंट्यांत मध्यस्थी करायच्या. माणसं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात, हे त्यांनी भरपूर पाहिलं होतं.

साखळी म्हणजे पाच धंद्यांनी मिळून चालवलेली ब्लॉकचेन. लस कारखान्यातून निघाली, ट्रकमध्ये चढली, शीतगृहात उतरली, प्रयोगशाळेने तपासली, घाऊक विक्रेत्याकडे गेली, अशी प्रत्येक पायरी तिच्यावर नोंदली जायची. एकदा चढलेली नोंद कुणालाही पुसता येत नसे. साखळीला मालक नव्हता. नियम बदलायचा किंवा कुणाला काढायचं, तर पाचांपैकी चौघांच्या सह्या लागत. सही करायची ती 'चावी'ने. चावी म्हणजे काड्यापेटीएवढं यंत्र, त्याला एक इवलासा पडदा आणि एक बटण.

पाचवा सदस्य, घाऊक विक्रेता, परदेशी मुलीकडे गेला होता आणि त्याची चावी बँकेच्या लॉकरमध्ये पडून होती. म्हणजे हा ठराव मंजूर व्हायला उरलेल्या चौघांचीही सही हवी होती. प्रयोगशाळेची धरून.

"तुमची चावी कुठे होती?"

"तिजोरीत. तिजोरी उघडायला दोन माणसं लागतात. वर कॅमेरा आहे. त्या आठवड्यात तिजोरी उघडलेलीच नाही, बघा हवं तर."

लवादबाईंनी ते आधीच बघितलं होतं. तिजोरी उघडली नव्हती.

"सोमवारी दुपारी ठराव लागू होईल," संचालिका म्हणाली. "मी गेले की माझी बंदीही गेली. लसीची एक अख्खी खेप मी नापास करून अडवून ठेवलीय. ती सोमवारी संध्याकाळी दवाखान्यांत जाईल. लहान मुलांची लस आहे, आणि नुसतं पाणी टोचल्यासारखं होणार आहे. आईबाप निर्धास्त, आणि पोर उघडं."

"ठराव थांबवण्याचा अधिकार मला आहे. पण ज्याच्याविरुद्ध ठराव झाला त्याच्या एकट्याच्या तक्रारीवर तो थांबवता येत नाही, असं तुमच्या सनदेत लिहिलंय. मत देणाऱ्या बाकी तिघांपैकी एकाने तरी माझ्यासमोर म्हणायला हवं, की हे मत माझं नाही."

संचालिका हसली. त्या हसण्यात आनंद नव्हता. "मग झालंच. तिघांपैकी एक माझा सख्खा भाऊ आहे."

२

लस बनवणारा कारखानदार, म्हणजे संचालिकेचा भाऊ, तिला अजूनही 'धाकटी' म्हणायचा, आणि त्याच्यामुळे साखळीतले सगळेच मागे तसं म्हणायचे. समोर म्हणायची हिंमत नव्हती.

"बसायचं तर बसा. चहा मिळणार नाही," तो लवादबाईंना म्हणाला. "दिलं मत. छाती पुढे काढून दिलं. सख्ख्या भावाचा माल नापास करते! बाजारात मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. लहानपणी सायकलवरून पडली की माझ्याच पाठीवर बसून घरी यायची ती."

"शुक्रवारीच सही केलीत?"

"इथे, या खुर्चीत बसून."

"चावी बघू."

खालच्या खणातून, जुन्या व्हिजिटिंग कार्डांच्या ढिगातून त्याने यंत्र काढलं. बटण दाबलं. पडदा काळाच. पुन्हा दाबलं. मग शिपायाला हाक मारून चार्जरची वायर मागितली. शिपाई म्हणाला, "साहेब, ती वायर जुन्या हिशेबनिसाबरोबर गेली. तेव्हा मीच शोधत होतो."

"गप्प बस. परवा होती."

लवादबाईंनी यंत्र हातात घेतलं. चार्जरच्या भोकात धूळ चिकटून बसली होती. त्यांनी ते परत कार्डांच्या ढिगावर ठेवलं.

"खेप तिने एकदाच तपासली होती की दोनदा?"

"मला काय माहीत? तिचं मी काही वाचत नाही. फोनही उचलत नाही. निघा आता."

लवादबाई दारापर्यंत पोचल्यावर त्याने मागून हाक मारली. "आणि एक लिहून घ्या. मी मत दिलंय. उद्या कुणी म्हणालं की याने दिलं नाही, तर तो खोटं बोलतोय."

असं आजवर कुणी त्यांना न विचारता सांगितलं नव्हतं.

३

वाहतूकवाल्या मावशींचं ऑफिस म्हणजे ट्रकच्या आवारातली पत्र्याची खोली. भिंतीवर एकच मोठा फोटो होता. त्यांच्या पहिल्या ट्रकचा, बॉनेटवर हार, पाटीवर नंबर ठळक: ७२०. मावशी खिडकीतून एका ड्रायव्हरच्या सात पिढ्यांची चौकशी करत होत्या. ती संपल्यावर वळल्या.

"हो, दिलं मत. फाशी देणार आहात? ऐकलंय मी, ती बाई म्हणते माझ्या ट्रकमध्ये लस तापली. माझ्या! मी स्वतः पंख्याखाली बसते आणि ट्रकना एसी लावते!"

"चावी उघडून दाखवता?"

मावशींनी पिन दाबला. चुकला. पुन्हा दाबला. चुकला. कपाळावर आठ्या चढल्या. "मेल्याला तालमीनंतर हात लावला नाही, मग आठवणार कसा आकडा—"

त्यांनी जीभ चावली. बाहेर कुणीतरी टायर ठोकत होतं.

"कसली तालीम?" लवादबाईंनी मुद्दाम दुसरंच विचारलं.

मावशींना हायसं वाटलं. "ती हो, चाव्या चालतात की नाही बघायची. सगळे एका खोलीत बसतो. सचिव एक खोटा ठराव भिंतीवर लावतो. ठराव कसला, नुसती अक्षर-आकड्यांची रांगोळी. त्याची शेवटची सहा अक्षरं तो मोठ्याने वाचतो. आपण आपल्या पडद्यावर बघायचं, 'जुळलं' म्हणायचं आणि बटण दाबायचं. या वेळी शेवटी सात-दोन-शून्य आलं. मी हसले, म्हटलं बघा, माझा पहिला ट्रक आला! धाकटीसुद्धा हसली होती तेव्हा. आम्ही सगळे मुंगीएवढी अक्षरं डोळे फाडून बघतोय, आणि बर्फ आपला टीव्ही घेऊन बसलाय."

"बर्फ?"

"शीतगृहवाला. कधी तापत नाही म्हणून बर्फ. त्याने हाताच्या पंजाएवढा पडदा असलेली नवी चावी घेतलीय. यंदा अध्यक्षही तोच."

लवादबाई उठल्या. "मावशी, शुक्रवारी तुम्ही सही केली नाहीत. मग का म्हणता केली?"

मावशींनी दार लावून घेतलं. आवाज पहिल्यांदाच खाली आला. "सनद वाचलीत ना? ज्याची चावी त्याच्या ताब्यात नाही, त्याची जागा निलंबित. माझ्या चावीने कुणीतरी परस्पर मत दिलं असं मी म्हटलं, की दुसऱ्या दिवशी माझे ट्रक साखळीबाहेर. तीस घरं चालतात या आवारावर." मग पुन्हा मूळ आवाजात ओरडल्या, "आणि मी असं काही बोललेच नाही! चला, वाट धरा!"

४

सचिव पंचविशीतला, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे समोरच्याला विसरू न देणारा होता. साखळीचं सॉफ्टवेअर तो सांभाळायचा.

"तांत्रिक भाग तुम्हाला झेपेल का?" त्याने विचारलं.

"झेपलं नाही तर परत विचारीन. तुमचा वेळ जाईल, माझा नाही. तालमीत सगळे सही करतात. त्या सह्यांचं पुढे काय होतं?"

"काही नाही. प्रत सगळ्यांकडे जाते, पण साखळीवर चढवत नाही. टाकून देतो."

"टाकून देता म्हणजे? कागद असता तर फाडला असता. हे कसं फाडता?"

सचिव टेबलावरच्या वायरी सरळ करू लागला.

"म्हणजे ठराव आणि त्यावरच्या सह्या असं ते तयार पाकीट कुणी जपून ठेवलं, तर?"

"तरी उपयोग नाही," तो घाईने म्हणाला. "प्रत्येक ठरावाला पुढचा अनुक्रमांक असतो. मध्ये दुसरा एखादा ठराव झाला की तो क्रमांक खर्च होतो आणि जुन्या सह्या बाद."

"तालमीनंतर किती ठराव झाले?"

सचिवाने पडद्यावरची यादी वर-खाली केली. "एकही नाही. बैठकाच झाल्या नाहीत. एकदा अध्यक्षांचा घसा बसला होता. एकदा खोलीचा एसी बंद म्हणून पुढे ढकलली. एकदा म्हणाले, घाऊक विक्रेता नाही, तर त्याच्यामागे निर्णय घेणं बरं दिसत नाही."

"शुक्रवारचा ठराव दाखवा. शेवटची सहा अक्षरं."

सचिवाने पडदा वळवला. ठरावाच्या ठशाची, म्हणजे त्या मजकुरातूनच तयार होणाऱ्या आणि दुसऱ्या कशाशीही न जुळणाऱ्या अक्षर-आकड्यांच्या ओळीची, शेवटची सहा अक्षरं संपत होती ती ७२० वर.

लवादबाई त्या आकड्यांकडे बघत राहिल्या. सचिवाने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, आणि त्याचा रंग उतरला. तालमीच्या खोलीत तोही हसला होता.

"तालमीचं पाकीट तुम्ही उघडून बघितलं होतं?"

"तालमीचं पाकीट कोण उघडून बघतं? सदस्य पाळीपाळीने बनवतात, मी फक्त भिंतीवर लावतो."

"पाळी कुणाची होती?"

"कारखानदारांची. पेनड्राइव्ह माझ्या टेबलावर ठेवलेला होता. कुणी ठेवला ते बघितलं नाही." तो थोडा पुढे झुकला. "म्हणजे त्यांनीच केलं. सगळ्यांना माहितेय ते बहिणीवर किती उखडलेत ते."

"तुम्ही मघाशी म्हणालात की तांत्रिक भाग मला झेपणार नाही," लवादबाई म्हणाल्या. "हा भाग तांत्रिक नाही, म्हणून तुम्हाला झेपला नाही."

५

शीतगृहात त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी नीट वागवलं. बर्फाने स्वतः जाड कोट आणून दिला, बाही धरून घालायला मदत केली.

"फार वाईट वाटतं हो धाकटीचं," तो म्हणाला. "कष्टाळू बाई. पण सगळ्यांचाच विरोध म्हटल्यावर मी एकट्याने आडवं काय यायचं? शुक्रवारी जड मनाने सही केली. पडद्यावर दोनदा वाचलं, 'प्रयोगशाळेचं सदस्यत्व रद्द'. मगच दाबलं."

"तुमच्या यंत्रावर पूर्ण मजकूर दिसतो?"

"शब्दन् शब्द. जुनं इथल्या गारठ्यात बंद पडलं, म्हणून नवं घेतलं. मी तर बाकीच्यांनाही सांगतो, आंधळेपणाने सह्या करू नका."

अडवलेली खेप आतल्या फळीवर होती. दारावरचा आकडा योग्य तापमान दाखवत होता. लवादबाई खोक्यांजवळ गेल्या. वरच्या रांगेतली खोकी ताठ होती. खालच्या रांगेतल्या पुठ्ठ्याला मात्र पोक आलं होतं. पाण्याने भिजून मग सुकलेल्या पुठ्ठ्याला येतं तसं. कोपऱ्यात कंप्रेसर घुमत होता. त्याला रंगाचा वास येत होता.

"नवा दिसतोय."

"जुनाही चांगलाच होता," बर्फ म्हणाला. "पण म्हटलं, बदलून टाकू."

"धाकटी पुढच्या बैठकीत एक ठराव आणणार होती म्हणे. शीतगृहाचा तापमापक थेट साखळीला जोडायचा. मध्ये माणसाने आकडा भरायचा नाही."

"असेल." त्याने दार लावलं. "तुम्हाला थंडी वाजत असेल. बाहेर जाऊया."

बाहेर आल्यावर त्याने कोट परत घेतला, घडी घातली आणि तशाच प्रेमळ आवाजात म्हणाला, "बाई, तुमची नेमणूकही चार सह्यांनीच होते. हे विसरू नका."

६

सोमवारी सकाळी सगळे बैठकीच्या खोलीत जमले. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. भाऊ आणि बहीण टेबलाच्या दोन टोकांना बसले होते. मावशींनी खुर्ची उलटी फिरवून सगळ्यांकडे अर्धी पाठ केली होती.

"इथल्या सदस्यांपैकी संचालिका सोडून प्रत्येकजण माझ्याशी खोटं बोलला," लवादबाईंनी सुरुवात केली. "तिघं म्हणतात आम्ही शुक्रवारी सही केली. शुक्रवारी कुणीच सही केली नाही. कारखानदारांच्या चावीत कधीपासून चार्ज नाही. मावशींना पिन आठवत नाही. संचालिकेची चावी तिजोरीत. आपण सगळे विचारत राहिलो की तिजोरी कुणी उघडली. तिजोरी उघडायची गरजच नव्हती. सह्या आधीच झालेल्या होत्या. शुक्रवारी त्या फक्त साखळीवर चढवल्या गेल्या."

"आधी म्हणजे कधी?" कारखानदार गुरगुरला.

"तालमीत. मावशी, तालमीच्या ठरावाच्या शेवटी कोणते आकडे होते?"

"सात-दोन-शून्य. माझा ट्रक."

"तुम्हीही हसला होतात," लवादबाई सचिवाला म्हणाल्या. "शुक्रवारच्या ठरावाचा शेवट वाचा."

सचिवाने खाली मान घालून वाचलं. मावशींनी खुर्ची सरळ केली आणि एक शिवी हासडली.

"तालमीचा खोटा ठराव म्हणून तुम्ही ज्यावर बटण दाबलं, तोच हा खरा ठराव होता. सचिवांनी सहा अक्षरं वाचली, तुमच्या पडद्यावर तीच होती, तुम्ही 'जुळलं' म्हणालात. जुळलंच होतं. पण काय जुळलं ते बघण्याची सोय तुमच्या यंत्रात नाही. कारखानदारांच्या नाही, मावशींच्या नाही, संचालिकेच्या नाही."

पुढचं वाक्य म्हणायची गरज उरली नव्हती. सगळ्यांच्या नजरा वळल्या होत्या.

बर्फ हसला. "माझ्यावर? पाकीट बनवायची पाळी त्यांची होती."

"पेनड्राइव्ह टेबलावर कुणी ठेवला ते मला सिद्ध करता येत नाही, आणि गरजही नाही. चौघांनी एकाच पाकिटावर सही केली. तिघांना अक्षरं दिसली. तुम्हाला शब्दन् शब्द. प्रयोगशाळेचं सदस्यत्व रद्द, हे त्या खोलीत फक्त तुम्ही वाचलंत, आणि 'जुळलं' म्हणालात. मग प्रत्येक बैठक पुढे ढकललीत. घसा, एसी, गैरहजर सदस्य. मध्ये एक जरी ठराव झाला असता तरी या सह्या बाद झाल्या असत्या."

"आणि मी असं का करीन?"

उत्तर धाकटीने दिलं. "कारण खेप मी दोनदा तपासली. कारखान्यातून निघाली तेव्हा पास झाली. ट्रकच्या तापमानाची नोंदही ठीक होती. नापास झाली ती तुझ्या फळीवरून काढलेल्या नमुन्यावर. म्हणून मला तापमापक जोडायचा होता."

"खालच्या खोक्यांना पोक आलंय," लवादबाई म्हणाल्या. "आणि चांगला चाललेला कंप्रेसर कुणी हौसेने बदलत नाही."

कारखानदाराने पहिल्यांदा बहिणीकडे बघितलं. लगेच नजर काढून घेतली.

बर्फ अजूनही शांत होता. "फार छान गोष्ट सांगितलीत. पण सनदेप्रमाणे गोष्ट पुरत नाही. साक्ष लागते. मी शुक्रवारी सही केली, माझं मत खरं. यांनीही तुम्हाला स्वतःच्या तोंडाने तसंच सांगितलंय. आता कुणी शब्द फिरवला, तर त्याची चावी ताब्यात नव्हती असा अर्थ होतो. जागा निलंबित." त्याने हात पसरले. "बोला. कोण फिरवतंय?"

सचिवाने घड्याळाकडे बघितलं. मावशी स्वतःच्या नखांकडे बघत होत्या.

"निलंबित आणि काढून टाकलेला यात फरक काय?" लवादबाईंनी सचिवाला विचारलं. "सावकाश सांगा. सगळ्यांना ऐकू येईल असं."

"काढून टाकलेल्याने घातलेली बंदी उठते. निलंबित सदस्याला मत देता येत नाही, पण त्याने घातलेली बंदी तशीच राहते." सचिवाने बोटांवर मोजलं. "जागा परत मिळायला चार सह्या लागतात. आणि तिघं निलंबित झाले तर चार सह्या होणारच नाहीत. साखळी गोठेल. काहीच हलणार नाही."

"खेपही?"

"खेपही."

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. कारखानदार उभा राहिला होता. चेहरा लाल.

"मी दाबलं नाही," तो म्हणाला. "म्हणजे दाबलं, पण मला माहीत नव्हतं कशावर दाबतोय ते. लिहा. आणि हे काही हिच्यासाठी नाही. माझ्या चांगल्या मालाचं याने पाणी केलं आणि मी हिला शिव्या घालत बसलो, म्हणून."

"माझंही लिहा," मावशी म्हणाल्या. "तीस घरांना काय सांगायचं ते मी बघीन. आणि बर्फा, तुझ्या दारात आता माझा ट्रक दिसला तर तो तुला उचलायला आलाय असं समज."

लवादबाईंनी ठराव रद्द केला. सनदेप्रमाणे त्याच निकालात कारखानदार, मावशी आणि धाकटी यांच्या तीन जागा निलंबित केल्या. दुपार झाली तेव्हा साखळीवर मत देऊ शकणारे दोघंच उरले होते. एक परदेशात होता. दुसऱ्याच्या हातात पंजाएवढ्या पडद्याची चावी होती, त्यावर शब्दन् शब्द दिसत होता, आणि त्या एकट्या चावीने काहीही होत नव्हतं. लसीची खोकी जागच्या जागी राहिली.

लिफ्टपाशी भाऊ आणि बहीण एकाच वेळी पोचले.

"पहिल्या तपासणीत माल पास होता, हे तेव्हाच सांगायला काय झालं होतं?" तो लिफ्टच्या दाराकडे बघत म्हणाला.

"फोन केले होते."

"कधी?"

तिने पर्समधून फोन काढला आणि त्याचा नंबर लावला. दोघं उभे राहिले. त्याच्या खिशात काहीच वाजलं नाही.

"माझा नंबर अजून अडवलेलाच आहे," ती म्हणाली.

लिफ्ट आली. तो आत गेला, वळला, आणि दार मिटता मिटता म्हणाला, "बघतो."

ती जिन्याने उतरली. तळमजल्यावर पोचायच्या आत तिचा फोन वाजला. तिने नाव बघितलं, दोन वेळा वाजू दिला, आणि मग उचलला.

"आता बोल," पलीकडून तो खेकसला, "आणि लवकर बोल, मी अजून चिडलेलाच आहे."